ईशज्ञान कोणी शिकावे?

दीक्षाविधीच्या निमंत्रणपत्रिकेत नवदीक्षित धर्मगुरूच्या नावापुढे आता पदव्या छापल्या जातात. तत्त्वज्ञानाची एक, ईशज्ञानाची एक, क्वचित परदेशातील एखाद्या विद्यापीठाचेही नाव असते. धर्मग्रामाला त्याचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. आपल्या घरचा मुलगा इतका शिकला याचा आनंद कोणत्या आईबापांना होणार नाही? मात्र ही विद्या कोण शिकतो, कोणत्या भाषेत शिकतो आणि शिकून झाल्यावर ती कोणाच्या पदरात पडते, हे तीन प्रश्न त्या मांडवात कोणी विचारीत नाही. वाङ्मयचर्चेच्या या पानांवर ते विचारण्यास कारण आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मय आज का खुंटल्यासारखे वाटते, याचे उत्तर शोधू लागले की वाट थेट सेमिनरीच्या वर्गापर्यंत जाऊन पोहोचते.

आम्ही हा विचार आलापल्लीच्या बाजूने मांडीत आहोत. गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यातले हे गाव सागवानासाठी सर्वत्र ठाऊक आहे. येथून एक रस्ता भामरागडला, एक एटापल्लीला, एक सिरोंच्याला आणि एक आष्टीवरून चंद्रपूरला जातो. बाजाराच्या दिवशी चौकात घटकाभर उभे राहिले तर माडिया, गोंडी, तेलुगू आणि मराठी कानी पडतात आणि मुलचेऱ्याकडून आलेल्यांची बंगालीही ऐकू येते. या प्रदेशातील सीरो-मलबार धर्मसभेच्या कार्याचा पाया १९६२ साली चांद्यास घातला गेला. ते कार्य सी. एम. आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले आणि १९७७ साली चांद्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा या जिल्ह्यांत पसरलेल्या या धर्मप्रांतात केरळातून आलेल्या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी शाळा, दवाखाने व वसतिगृहे उभी केली. पावसाळ्यात नाले भरले की तुटणाऱ्या गावांपर्यंत ते पोहोचले. त्यांचे ऋण मान्य करूनच पुढचे लिहावयाचे आहे.

प्रथम ही विद्या कशी दिली जाते ते पाहू. बारावीनंतर सेमिनरीत आलेल्या तरुणाला प्राथमिक तयारीची एक-दोन वर्षे, मग तत्त्वज्ञानाची, मधे प्रत्यक्ष सेवाकार्याचा काळ आणि शेवटी ईशज्ञानाची तीन-चार वर्षे, अशी सारी मिळून आठ-दहा वर्षे काढावी लागतात. त्यानंतर ज्यास बिशप किंवा संघप्रमुख निवडतील तो आणखी दोन वर्षांची ‘लायसेन्शिएट’ ही पदवी घेतो. सेमिनरीत शिकविण्यासाठी तिची गरज असते. तिच्यापुढे डॉक्टरेट. आपल्याकडे या अभ्यासाची सर्वांत मोठी पेठ पुणे आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे पेपल सेमिनरी स्थापिली. भारतभूमीच्या पुत्रांनीच या भूमीला तारणाचा निरोप द्यावा, ही तिच्यामागची भूमिका. ती १९५५ साली पुण्यास आली आणि तिच्याबरोबर ज्ञानदीप विद्यापीठाचीही पुण्यात वस्ती झाली. सी. एम. आय. संघाचे धर्माराम १९५७ साली बंगळूरला गेले. गोव्यात राशोलची सेमिनरी आहे, मुंबईत गोरेगावची. विदर्भातील आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांची युनियन बिब्लिकल सेमिनरीदेखील १९५३ पासून तीस वर्षे यवतमाळात नांदून १९८३ साली पुण्यासच गेली. वनप्रदेशातून पाहता ही विद्या नेहमी रेल्वेच्या मोठ्या जंक्शनपलीकडे राहत आली आहे.

या सर्व मोठ्या विद्यापीठांचे माध्यम इंग्रजी. त्याला सबळ कारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकाच बाकावर मिझो, तमिळ, ओरिया, मल्याळी आणि मराठी विद्यार्थी बसतात. त्यांना एकत्र शिकविणारी दुसरी भाषा आज उपलब्ध नाही. ग्रंथालयातील शेकडा पुस्तकांपैकी मराठी किती, हे मोजण्याचेही धाडस होऊ नये. ग्रीक व हिब्रू शिकण्याची साधनेही इंग्रजीतच आहेत. तेव्हा इंग्रजीत शिकणे हा दोष नव्हे. इंग्रजीत शिकून मराठीत परत न येणे हा दोष आहे, आणि आमची टीका तेवढ्याच बिंदूवर आहे.

परत येणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. नवे धान्य घरात आले की माडिया गावात ‘पंडुम’ होतो. गावदेवाला नवे अन्न दाखविल्याशिवाय कोणी ते तोंडात घालीत नाही. बाप्तिस्मा घेतलेले कुटुंब अशा वेळी विचारते, “फादर, आम्ही गावाबरोबर बसावे की बसू नये? बसलो तर येशूला सोडले असे होईल काय? न बसलो तर गाव आम्हाला सोडील.” दुसरे कुटुंब विचारते, “बापाच्या नावाने आमच्या लोकांत दगड उभा करतात. आमचा बाप तर क्रुसाखाली पुरला. त्याच्या नावाचा दगड उभा केला तर पाप लागेल काय?” हे प्रश्न फावल्या वेळचे नाहीत. गावात पाणी भरावयाचे की नाही, लेकीचे लग्न कोठे जमावयाचे, मेल्यावर खांदा कोण देणार, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते.

अशा प्रश्नाला मनास येईल ते उत्तर देऊन भागत नाही. तेथे विद्या लागतेच. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएलचा शेतकरी पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवतो आणि आपल्या भटक्या पूर्वजाची, गुलामगिरीची, सुटकेची कथा बोलून दाखवितो. त्यानंतर लेवी आणि परका यांच्यासह तो आनंद करतो. नव्या धान्यापूर्वी देवाची आठवण करणे म्हणजे मूर्तिपूजा नव्हे, हे त्या टोपलीने शिकविले आहे. कोणाची आठवण करावयाची आणि कोणती कथा सांगावयाची, एवढाच तेथे प्रश्न उरतो. पवित्र पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा विचार केला आहे. मूर्ती काहीच नाही, हे तो मान्य करतो. बाजारातले मांस विचारपूस न करता खाण्याची मुभा देतो. तरीही आपल्या मोकळेपणाने दुबळ्या बांधवाचा विवेक ठेचाळत असेल तर हात आवरा, असे बजावतो. या तीन अध्यायांत आलापल्लीच्या त्या कुटुंबाला पुरेल इतका विचार आहे. पण तो त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या बोलीत, पंडुमाचा अर्थ प्रथम त्यांच्याकडून समजून घेऊन मांडावा लागेल. परीक्षेत हाच विषय ‘संस्कृती आणि शुभवर्तमान’ या मथळ्याखाली इंग्रजीत उत्तम सोडविलेला पदवीधर ओसरीवर बसला की अडखळतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्याच्याजवळ ज्ञान असते, शब्द नसतो. शब्द नसला की ज्ञानही थोड्या दिवसांत विरते आणि मागे “बसू नका” किंवा “बसा, काही होत नाही” एवढीच दोन उत्तरे उरतात.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. मराठीत ईशज्ञान उभे राहिले तेव्हा ते कोणी व कसे उभे केले?

पहिले नाव अर्थातच फादर थॉमस स्टीफन्स यांचे. इंग्लंडात जन्मलेला, रोमला येशूसंघात दाखल झालेला हा विद्वान १५७९ साली गोव्यास आला आणि साष्टीत आयुष्य वेचून १६१९ साली गेला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले. देवनागरी खिळे हाताशी नव्हते म्हणून ते रोमी अक्षरांत छापले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची थोरवी सांगताना आपण त्यातील मराठीची स्तुती आठवतो. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच्या आरंभीची हकिगत. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो आणि पाद्रीला विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी वाचावयास आम्हाला काही द्याल की नाही? पुराण लिहिले गेले ते या प्रश्नासाठी. विद्वत्ता रोमची, छंद ज्ञानोबांच्या देशाचा, आणि प्रश्न एका प्रापंचिक श्रोत्याचा. या तिहींच्या मेळातून मराठीतील पहिले मोठे ईशज्ञान जन्मले. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याचे धैर्य स्टीफन्सला झाले, कारण श्रोता समोर बसला होता आणि शब्द त्याला कळला पाहिजे होता. आज समितीत असा शब्द मंजूर होण्यास किती वर्षे लागतील, याचा वाचकांनीच अंदाज करावा.

ही परंपरा पुढे फार टिकली नाही. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून गोव्यातील जनतेने तीन वर्षांत स्वतःची भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असे फर्माविले. हुकुमाने लोकांची भाषा मेली नाही, परंतु विद्येची भाषा आणि घरची भाषा यांच्यात भिंत मात्र उभी राहिली. ती भिंत पुढे पोर्तुगीजांच्या राज्याबाहेरही आपण आपल्या हातांनी जपली, असे खेदाने म्हणावे लागते. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी अहमदनगर जिल्ह्यातून ‘निरोप्या’ काढला आणि त्या भिंतीला एक खिडकी पाडली. वसईच्या ‘सुवार्ते’ने दुसरी पाडली.

यानंतरची दोन नावे आपल्या पंथाबाहेरची आणि सेमिनरीबाहेरचीही आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून समग्र बायबल मराठीत आणले. सामान्य स्त्रीला ते समजावे हा त्यांचा ध्यास होता. १९२२ साली त्या गेल्या आणि भाषांतर १९२४ साली बाहेर आले. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात छापखान्याचे काम बायकांनी केले. पदवी देणाऱ्या बहुतेक संस्थांनी त्या काळी अशा स्त्रीला आपल्या वर्गात बसू दिले नसते. तरी मूळ भाषांवर प्रभुत्व मिळविण्याची तिची जिद्द आजच्या पदवीधरास लाजविणारी आहे. दुसरे नाव लक्ष्मीबाई टिळकांचे. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या या बाईने रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात पुढे नेले आणि त्या ग्रंथाचा फार मोठा भाग तिच्या हातचा आहे. ‘स्मृतिचित्रे’च्या तेजापुढे हे कार्य झाकोळले गेले. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ सर्वत्र सारखे उतरलेले नाही, हे मान्य करावे लागेल. तरी येशूचे चरित्र घरातल्या भाषेत सांगताना जो आत्मविश्वास लागतो तो तिच्या ओळीओळीत आहे, आणि तो शिकवणीने येत नाही.

चौथे नाव आपल्या काळातले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९७२ साली धर्मगुरू झाले. त्यांनी ईशज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले, १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ सांभाळली आणि २०१० साली ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांच्या हाती दिले. त्यास २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२४ साली ते आपल्यातून गेले. त्यांच्या अनुवादाबद्दल मतभेद असू शकतात. काही ठिकाणी वाक्य सुबोध करताना मुळातील खडबडीतपणा घासला गेला आहे, असे आम्हालाही वाटते. संदेष्ट्यांचा आवाज इतका गुळगुळीत नसावा. पण हा ग्रंथ ख्रिस्ती नसलेल्या मराठी घरांतही उघडला गेला, ही गोष्ट मोठी. याचे श्रेय पदवीपेक्षा त्या चोवीस वर्षांना अधिक जाते. वाचकांची पत्रे वाचणे, शेतकऱ्यांच्या सभेत उभे राहणे, मासिकाचा अंक वेळेवर काढणे, या तालमीत त्यांची मराठी घडली. सेमिनरीने त्यांना विषय दिला. भाषा त्यांना वसईने दिली.

या चौघांपुढे आजचे सरासरी धार्मिक गद्य ठेवून पाहावे. आमच्या टेबलावर येणाऱ्या स्मरणिका, पत्रके आणि लेख यांतून एक प्रातिनिधिक वाक्य तयार केले तर ते असे होईल : ‘तारणेतिहासातील ख्रिस्तकेंद्री सहभागित्वाच्या जाणिवेचे स्थानिक संदर्भात वास्तवीकरण होणे ही काळाची गरज आहे.’ प्रत्येक शब्द मराठी कोशात सापडेल, पण वाक्य मराठी नाही. इंग्रजी टिपणाला मराठी क्रियापदाची शेपटी लावली आहे. लेखकाला म्हणावयाचे होते ते एवढेच : येशू आपल्यासाठी जगला आणि मेला, हे आपल्या गावात आपल्या वागण्यातून दिसले पाहिजे. दुसरे वाक्य लिहिण्यास धैर्य लागते, कारण त्यात लपण्यास जागा नाही. ‘कसे दिसले पाहिजे?’ असे ओसरीवरून कोणी विचारले तर उत्तर द्यावे लागते. जड वाक्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. म्हणून ते लिहिणाऱ्यास सोयीचे असते आणि ऐकणाऱ्यास निरुपयोगी.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ : ही विद्या कोण शिकतो? वर्गांत बहुसंख्य पुरोहितपदाचे उमेदवार. त्यांच्यामागे संघ किंवा धर्मप्रांत उभा असतो, म्हणून फी, निवास, ग्रंथ यांची चिंता त्यांना नसते. धर्मभगिनी त्यांच्या मागून आल्या, आणि त्यांच्यापैकी काहींनी फार मोठी मजल मारली. सिस्टर रेखा चेन्नाट्टू यांनी योहानाच्या शुभवर्तमानावर संशोधन करून पुण्यात नवा करार शिकविला. भावी धर्मगुरू एका स्त्रीकडून धर्मग्रंथ शिकले. प्रापंचिक मात्र आजही वर्गात अपवादानेच दिसतो. कायद्याची त्याला आडकाठी नाही. १९८३ च्या धर्मसंहितेचा २२९ वा नियम आणि पौर्वात्य धर्मसभांसाठी १९९० साली आलेल्या संहितेचा ४०४ वा नियम दोन्ही स्पष्ट सांगतात की, प्रापंचिकांना ईशज्ञानाच्या विद्यापीठात बसण्याचा आणि पदवी मिळविण्याचा हक्क आहे. तो मेहेरबानीने दिलेला नाही. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला धर्मसभेतील रीतसर सेवापदाचा मान दिला. २०२३ आणि २०२४ च्या सिनड सभांत स्त्रियांनी मतदान केले. कागद पुढे गेला आहे आणि धर्मग्राम मागे राहिला आहे.

तो मागे का राहिला, याची कारणे आपल्या घरांतच आहेत. आपण मुलीला परिचारिका करतो, मुलाला इंजिनिअर करतो. ईशज्ञान म्हटले की “ते फादर-सिस्टरचे काम” असे म्हणून मोकळे होतो. पदवी घेऊन नोकरी कोण देणार, हा आईबापांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर धर्मप्रांतांनी आजवर दिलेले नाही. आलापल्लीसारख्या ठिकाणी तर आणखी एक कडी लागते. रविवारी मुलांना प्रश्नोत्तरी शिकविणारी, घरी माडिया बोलणारी, मराठीत बारावी झालेली तरुणी पुढे शिकू इच्छिते. तिला कोणते दार उघडे आहे? इंग्रजी माध्यम, हजाराच्या आसपास किलोमीटरचा प्रवास, वसतिगृहाचा खर्च आणि परतल्यावर पाच हजारांचेही निश्चित मानधन नाही. ज्या मुलीला पंडुमाचा अर्थ आतून ठाऊक आहे, तिला करिंथकरांस पत्र उलगडून दाखविणारा कोणी नाही; आणि ज्याला ते पत्र ग्रीकमधून वाचता येते त्याला पंडुम ठाऊक नाही. दोन अर्धी ज्ञाने एकमेकांना न भेटता एकाच धर्मग्रामात जगतात. आमच्या मते आपल्या धर्मशिक्षणातील सर्वांत मोठी हानी ती हीच.

यावर एक आक्षेप आम्हाला वारंवार ऐकावा लागतो. वनवासी मुले आधी दहावी तर होऊ द्यात, त्यांना ईशज्ञानाची चैन कशाला? बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण याच जिल्ह्याने या आक्षेपाला उत्तर देऊन ठेवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची उच्च पदवी घेऊन आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. नवजात बालके मोठ्या प्रमाणात दगावत होती आणि रुग्णालय दूर होते. त्यांनी गावातल्याच अल्पशिक्षित बायकांना तान्ह्या बाळाची शुश्रूषा शास्त्रशुद्ध शिकविली आणि त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. बाल्टिमोरची विद्या थोड्या शिकलेल्या बाईच्या हाती विश्वासाने सोपविली तेव्हाच ती बाळापर्यंत पोहोचली. अशा बाईला शास्त्र कळणार नाही असे मानले असते तर ती विद्या कपाटातच राहिली असती. शरीराच्या बाबतीत जे साधले ते आत्म्याच्या बाबतीत अशक्य, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. ते मोर्च्याने एका दिवसात मिळाले नाही. गावात अभ्यासगट बसत. बाहेरचा जाणकार येई, बोले, लोक प्रश्न विचारीत. अभ्यास झाल्यावर निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसंमतीने घेई. कायद्याची किचकट कलमे ज्या ओसरीवर समजून घेता येतात, त्या ओसरीवर रोमकरांस पत्रही समजेल.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. धर्मप्रांताच्या खर्चाने उच्च पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या प्रबंधाचा गाभा साध्या मराठीत पन्नास पानांत लिहून धर्मग्रामांस द्यावा आणि तो छापून घेण्याआधी चार प्रापंचिकांसमोर वाचून दाखवावा. त्यांना जे कळले नाही ते त्याने पुन्हा लिहावे. दुसरे, वनजिल्ह्यांतील एका तरी प्रापंचिक तरुणास, आणि शक्यतो तरुणीस, या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळावी व परतल्यावर सन्मानाचे मानधन ठरलेले असावे. तिसरे, तेंदूपाने संपून पेरणी सुरू होण्यापूर्वीचे जे मोकळे दिवस असतात, त्यांत मराठी माध्यमाचा ईशज्ञानाचा वर्ग आलापल्लीतच भरावा. शिकविणारे पुण्याहून, बंगळूरहून यावेत आणि त्यांनी निम्मा वेळ ऐकण्यात घालवावा. १९८३ च्या त्याच धर्मसंहितेचा २४९ वा नियम सेमिनरीतील विद्यार्थ्यांना मातृभाषा काळजीपूर्वक शिकवावी आणि सेवेसाठी उपयुक्त भाषाही अवगत करून द्याव्यात, असे सांगतो. आमच्या मागणीत नवे काही नाही.

केरळातून आलेल्या आमच्या बंधूंना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. त्यांच्या संघाचे संस्थापक संत कुरियाकोस एलियास चावरा यांनी मान्नानम येथे १८४६ साली छापखाना उभारला आणि प्रार्थनेची काव्ये मल्याळम भाषेत स्वतः लिहिली. केरळच्या ख्रिस्ती घरांत जो धर्मविचार मुरलेला दिसतो तो त्या मातृभाषेतून मुरला. तेथून येथे आलेल्या मिशनऱ्याने आपल्या आईच्या भाषेला जो मान दिला, तोच मान या वनातील आईच्या भाषेला देणे हे त्याच्याच परंपरेला धरून आहे.

धर्मग्रामातील कुटुंबांनाही आमचे एक मागणे आहे. पदवीधर धर्मगुरू प्रवचन देऊन खाली उतरला की “फादर, छान बोललात” म्हणून थांबू नका. जे कळले नाही ते विचारा. साष्टीतल्या त्या नवख्रिस्ती श्रोत्याने विचारले नसते तर मराठीला ‘ख्रिस्तपुराण’ लाभले नसते. आणि बारावीच्या निकालानंतर घरात पुढच्या शिक्षणाची चर्चा होईल तेव्हा परिचर्या, अभियांत्रिकी, अध्यापन यांच्या यादीत ईशज्ञानाचेही नाव घ्या. मुलीसमोर आधी घ्या.